पाहुण्याचा परवाना, रहिवाशाची परीक्षा

#इतिहासधागा

१/ पुण्यात दहा वर्षे गाडी चालवलेला एखादा तरुण नोकरीनिमित्त जर्मनीत राहायला जातो. पहिल्या दिवशी तो आपल्या भारतीय परवान्यावर, सोबत त्याचे भाषांतर बाळगून, तेथे कायदेशीरपणे गाडी चालवू शकतो. सहा महिने उलटतात. एव्हाना रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवण्याची सवय झालेली असते, पाट्या वाचता येऊ लागलेल्या असतात, हिवाळाही अनुभवून झालेला असतो. आणि नेमका याच वेळी कायदा त्याला बजावतो : हा परवाना आता चालणार नाही, लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्या.

२/ रस्ते अनोळखी असताना विश्वास आणि ओळखीचे झाल्यावर अविश्वास! वरकरणी हा नियम उफराटा वाटतो. हा निव्वळ सरकारी तऱ्हेवाईकपणा आहे, असेही कोणी म्हणेल. परंतु या नियमामागे शंभरांहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. परवाना म्हणजे नेमके काय, आणि तो सीमेपलीकडे कोणासाठी चालतो, या दोन प्रश्नांचा हा इतिहास. वाचकहो, आज त्याचाच मागोवा घेऊ.

३/ आरंभ मोटारीच्या जनकापासूनच होतो. कार्ल बेंझ यांना आपली मोटार रस्त्यावर चालवण्यासाठी १८८८ मध्ये बाडेनच्या अधिकाऱ्यांकडून लेखी अनुमती घ्यावी लागली. जगातील पहिला वाहनपरवाना म्हणून बहुधा याच कागदाचा उल्लेख होतो. मात्र त्यामागे परीक्षा नव्हती. ज्याने हे यंत्र बनवले, त्याची परीक्षा घेणार तरी कोण? तो कागद कौशल्याचा दाखला नव्हता. राज्यसत्तेने दिलेली ती केवळ मुभा होती.

४/ फ्रान्सने निराळी वाट धरली. १८९३ मध्ये पॅरिसच्या पोलीस प्रशासनाने चालकाला पात्रतेचा दाखला सक्तीचा केला आणि १८९९ मध्ये हा नियम देशभर लागू झाला. उलट ब्रिटनमध्ये १९०३ च्या कायद्यानुसार १ जानेवारी १९०४ पासून परवाना आवश्यक ठरला खरा, पण तो पाच शिलिंग भरले की मिळत असे. परीक्षा नाही, प्रश्न नाहीत. तेथील परवाना चालक कोण आहे एवढेच सांगत होता. त्याला गाडी येते की नाही, हे सांगत नव्हता.

५/ हा फरक ध्यानात ठेवा, कारण पुढचा सारा गुंता त्यातूनच उद्भवला. एका देशाचा परवाना म्हणजे परीक्षेचे प्रमाणपत्र, दुसऱ्या देशाचा परवाना म्हणजे शुल्काची पावती. अशा वेळी पाच शिलिंगांचा इंग्रज धनिक आपली मोटार घेऊन फ्रान्समध्ये उतरला, तर त्याचे काय करायचे?

६/ उत्तर शोधण्यासाठी ११ ऑक्टोबर १९०९ रोजी पॅरिसमध्ये मोटारवाहतुकीसंबंधीचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. धोक्याच्या चार सूचना (उंचवटा, वळण, चौक आणि रेल्वेफाटक) सर्वत्र सारख्या चिन्हांनी दाखवाव्यात, असे त्यात ठरले. गाडीच्या मागे देशाची अक्षरे असलेली लंबगोल पाटी आली. आणि आला एक आंतरराष्ट्रीय दाखला, गाडीचा आणि चालकाचा मिळून एकच. त्याची मुदत होती एक वर्ष.

७/ हा करार कोणासाठी होता? १९०९ मध्ये स्वतःच्या मोटारीने देशोदेशी हिंडणारा माणूस म्हणजे श्रीमंत, हौशी प्रवासी. तो येणार, आल्प्स पाहणार, हॉटेलात पैसे खर्चणार आणि आपल्या घरी परतणार. पोट भरण्यासाठी परमुलखात स्थायिक होणारा मनुष्य करार लिहिणाऱ्यांच्या नजरेसमोर नव्हता. एका वर्षाची मुदत हे त्याच दृष्टीचे चिन्ह होय. पाहुणा एका वर्षाहून अधिक काळ राहत नसतो!

८/ २४ एप्रिल १९२६ च्या पॅरिस करारात गाडीचा दाखला आणि चालकाचा परवाना वेगळे झाले. आज आपण ज्याला आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना म्हणतो, त्याचा जन्म येथला. आणखी एक गंमत अशी, की ब्रिटनमध्ये सक्तीची चालक-परीक्षा १९३५ मध्ये आली आणि १ एप्रिल १९३४ पूर्वीपासून परवाना असलेल्यांना तीही द्यावी लागली नाही. म्हणजे कधीच परीक्षा न दिलेले असंख्य हात कराराच्या आधारे युरोपभर बिनदिक्कत गाड्या हाकत होते. पाहुण्याला कोणी त्याचे गुणपत्रक विचारत नव्हते. (आपल्याकडच्या शिकाऊ गाड्यांवर दिसणारी ‘एल’ अक्षराची पाटीही ब्रिटनमध्ये १९३५ चीच.)

९/ दुसऱ्या महायुद्धानंतर, १९ सप्टेंबर १९४९ रोजी जिनिव्हा येथे संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने नवा करार झाला. स्वाक्षरी करणाऱ्यांत नुकताच स्वतंत्र झालेला भारतही होता. करड्या मुखपृष्ठाची, अनेक भाषांतील पानांची आणि फ्रेंच भाषेतील शेवटच्या पानाची ती पुस्तिका याच कराराने निश्चित केली. तिच्याहून महत्त्वाचे मात्र एक छोटेसे कलम आहे. जो चालक एखाद्या देशात सलग एका वर्षाहून अधिक काळ राहिला, त्याला कराराचे लाभ देण्याचे बंधन त्या देशावर नाही. १९०९ मध्ये जे गृहीत होते, ते १९४९ मध्ये शब्दांत उतरले.

१०/ ८ नोव्हेंबर १९६८ च्या व्हिएन्ना कराराने तर रेषा अधिकच ठळक केली. ज्याने आपले नेहमीचे वास्तव्य दुसऱ्या देशात हलवले, त्याचा जुना परवाना मान्य करण्यास तो देश बांधील नाही. येथे दिवस मोजायचे नाहीत. मनुष्याचे घर कोठे आहे, एवढेच पाहायचे.

शिवाय जगात दोन करार झाल्याने नवा घोळ निर्माण झाला. जपान १९४९ च्या करारात आहे, १९६८ च्या नाही. जर्मनीचे नेमके उलटे. त्यामुळे जर्मनीची आंतरराष्ट्रीय पुस्तिका जपानमध्ये चालत नाही. तेथे जर्मन पाहुण्याला आपल्या मूळ परवान्याचे जपानी भाषांतर जवळ ठेवावे लागते.

११/ आता या काळातील युरोपकडे पाहा. पश्चिम जर्मनीने १९५५ मध्ये इटलीशी आणि १९६१ मध्ये तुर्कस्तानशी कामगारभरतीचे करार केले. या लोकांना जर्मन भाषेत नाव मिळाले ‘गास्टआर्बायटर’, म्हणजे पाहुणे कामगार. ते आले, कारखान्यांत राबले, वर्षानुवर्षे राहिले. त्यांची मुले तेथेच शाळेत गेली. नाव पाहुण्याचे, आयुष्य रहिवाशाचे! वाहतुकीच्या करारांनी आखलेल्या एका वर्षाच्या चौकटीत असे आयुष्य मावणारे नव्हते.

१२/ युरोपीय समुदायाने ही गाठ सोडवण्यास १९८० मध्ये प्रारंभ केला. एका सदस्यदेशातून दुसऱ्यात राहायला गेल्यास एका वर्षाच्या आत परवाना बदलून घ्यावा, पुन्हा परीक्षा नको, असा नियम झाला. पण वर्ष उलटून गेले तर? जर्मनीत स्थायिक झालेल्या एका ग्रीक दांपत्याच्या बाबतीत नेमके हेच घडले. पत्नी ग्रीक परवान्यावर गाडी चालवताना सापडली. मुदत संपलेली होती. विनापरवाना वाहन चालवल्याचा खटला उभा राहिला. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले.

१३/ २९ फेब्रुवारी १९९६ रोजी निकाल लागला. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे : परवाना बदलून घेण्याची अट घालता येईल, मात्र गाडी चालवण्याचा हक्क त्या नव्या कागदातून जन्मत नाही, तो आधीपासूनच असतो आणि कागद हा केवळ त्याचा पुरावा असतो. म्हणून कागद बदलण्यास चुकलेल्या व्यक्तीला, जिला गाडी येतच नाही अशा व्यक्तीच्या पंक्तीत बसवून फौजदारी शिक्षा देणे प्रमाणाबाहेरचे आहे. त्यानंतर चारच महिन्यांनी, १ जुलै १९९६ पासून, बदलून घेण्याची ती सक्तीही नव्या नियमांनी संपवली.

१४/ बेंझच्या कागदापासून चालत आलेल्या प्रश्नाचे हे स्वच्छ उत्तर होते. परंतु ते एका कुंपणाच्या आतले होते. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले आणि स्पेनमध्ये राहणाऱ्या ब्रिटिशांना कुंपणाबाहेर असणे म्हणजे काय, याचा अनुभव आला. परवाने न बदललेल्यांना १ मे २०२२ पासून तेथे गाडी चालवणे बेकायदा ठरले. वर्षानुवर्षे त्याच रस्त्यांवरून गेलेली वृद्ध माणसेही त्यांत होती. दोन्ही देशांचा समझोता होऊन १६ मार्च २०२३ रोजी तो अमलात आला, तेव्हा कोठे परीक्षेविना परवाने बदलून मिळू लागले. मधल्या साडेदहा महिन्यांत त्यांच्या हातांचे कौशल्य नाहीसे झाले होते काय? नव्हते. बदलला होता तो त्यांच्या देशाचा दर्जा.

१५/ आपल्या माणसांना हा अनुभव नवा नाही. रत्नागिरी-रायगडातून आखातात गेलेल्यांना विचारा. संयुक्त अरब अमिरातीत भेटीच्या व्हिसावर आलेला भारतीय आंतरराष्ट्रीय पुस्तिका दाखवून गाडी चालवू शकतो. तोच तेथील निवासी झाला की पुस्तिका निरुपयोगी. स्थानिक परवाना हवा आणि त्यासाठी परीक्षा हवी. ब्रिटनमध्ये भारतीय परवाना वास्तव्याचे पहिले १२ महिने चालतो, नंतर पुन्हा कच्च्या लायसन्सपासून श्रीगणेशा! जपान, दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे यांचे परवाने मात्र तेथे बदलून मिळतात. यादीत कोण असावे, हे देशादेशांतील विश्वासावर आणि समझोत्यांवर ठरते; चालकाचा स्वतःचा अनुभव तेथे मोजला जात नाही. ज्याची रोजीरोटीच चाकावर आहे, त्याला अनुत्तीर्ण झालेली प्रत्येक परीक्षा पगाराच्या भाषेत मोजावी लागते.

१६/ उलट दिशेने पाहिले तर आपला कायदा काहीसा उदार आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ९ व्या कलमात, परदेशातील सक्षम अधिकाऱ्याने दिलेला त्याच वर्गाचा परवाना असल्यास चाचणीतून सूट देण्याची तरतूद आहे. तो देश कोणता, हे त्या वाक्यात विचारलेले नाही.

१७/ आणि एक प्रसंग असा, जेथे परक्या देशाचा परवाना मायदेशात कामी आला. ६ नोव्हेंबर १९९० रोजी रियाधमध्ये ४७ स्त्रिया गाड्यांतून रस्त्यावर उतरल्या. स्त्रियांना तेथे परवाना मिळत नसे; चाकामागे बसलेल्या स्त्रियांनी आपले परवाने परदेशांत मिळवले होते. या धाडसाची किंमत त्यांना नोकरीतून निलंबनाच्या रूपाने मोजावी लागली. पुढे बंदी उठण्याच्या सुमारास, ४ जून २०१८ रोजी, सौदी अरेबियाने स्त्रियांना पहिले दहा परवाने दिले. ते कोणाला? ज्यांच्याजवळ अमेरिका, ब्रिटन, लेबनॉन, कॅनडा अशा देशांचे परवाने आधीच होते त्यांना, ते बदलून. ज्या कौशल्याला घरात मान्यता नव्हती, ते बाहेरच्या कागदाने जपून ठेवले होते.

१८/ तर मग परीक्षा अन्यायकारकच म्हणायची काय? तसे नाही. उजवी-डावी बाजू, बर्फ, अग्रक्रमाचे नियम हे सारे खरोखर निराळे असते आणि रस्त्यावर इतरांचेही प्राण असतात. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०१५ पासून हाच विचार वेगळ्या टोकाला नेला. कायदेशीर वास्तव्याचा पुरावा नसला तरी ओळख आणि पत्ता सिद्ध करून, परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना मिळू लागला. जो गाडी चालवणारच आहे, तो नियम शिकलेला असावा, ही त्यामागची भूमिका. येथे परीक्षा म्हणजे आत येण्याचा दरवाजा ठरली.

१९/ पहिल्या पोस्टमधील तरुणाकडे परत येऊ. सहा महिन्यांनी त्याचे कौशल्य कमी झालेले नाही. तो पाहुण्याचा रहिवासी झाला आहे आणि १९०९ चे सौजन्य पाहुण्यापुरतेच होते. म्हणून परदेशी निघणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे : आंतरराष्ट्रीय पुस्तिका प्रवासासाठी आहे, स्थलांतरासाठी नाही. पोहोचताच मुदत कोणत्या दिवसापासून मोजली जाते ते विचारा, आणि जुना परवाना चालतो आहे तोवरच परीक्षेची तयारी आरंभा.

२०/ तुमच्या घरातील जुन्या ट्रंकेत आजोबांची किंवा आखातात राहून आलेल्या काकांची अशी एखादी करड्या रंगाची पुस्तिका असेल, तर ती रद्दीत टाकू नका. तिच्यावरील तारीख, शिक्का आणि देशांची यादी हा इतिहासाचा अस्सल कागद आहे. त्या पुस्तिकेची मुदत संपल्यावर पुढे काय झाले, तेही त्यांना विचारा आणि येथे प्रतिसादात लिहा.

धागा समाप्त.