सही कंपनीची, शब्द कोणाचा?

२८ डिसेंबर १७७४. दिवस मावळतोय. तुम्ही ठाण्याच्या किल्ल्याच्या तटावर मराठ्यांच्या शिबंदीत आहात. आपल्या काळातलं मध्यवर्ती कारागृह ते इथेच. खाली खंदक, पलीकडे मुंबईकर इंग्रजांचे मोर्चे. काल रात्री खंदक बुजवायला आलेल्या गोऱ्यांना तुम्ही पिटाळलंत. त्यांची शंभरेक माणसं पडली. आज ते पुन्हा सरसावलेत.

हे कुठल्या राजाचं लष्कर नाही. लंडनच्या व्यापाऱ्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीला १६०० साली इंग्लंडच्या राणीने पूर्वेच्या व्यापाराचा मक्ता दिला. १६६८ मध्ये मुंबई वर्षाला १० पौंड भाड्याने मिळाली. फौज ठेवायची, तह करायचे आणि नफा भागीदारांना वाटायचा, अशी ही पेढी. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर पुण्याची घडी विस्कटलेली पाहून तिने साष्टीवर, म्हणजे ठाणे ज्यावर आहे त्या बेटावर, हात टाकला.

अंधार पडता पडता तट जातो. बहुतेक शिबंदी कापली जाते. तुम्हाला पुढचं पाहायचंय, म्हणून तुम्ही वाचता.

मार्च १७७६, पुरंदर. आता तुम्ही पेशव्यांचे कारभारी सखारामबापू आणि नाना फडणीस यांच्या कारकुनांत बसला आहात. समोर कंपनीच्या कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलने पाठवलेला कर्नल अप्टन. गेल्या वर्षी सुरतेला मुंबईकरांनी पेशवेपदावर हक्क सांगणाऱ्या राघोबादादांकडून साष्टी-वसई लिहून घेतली होती. कलकत्तेकर म्हणतात, तो तह आमच्या परवानगीविना झाला, म्हणून रद्द. तुमचा बोरू हुरूपाने चालतो. मग कलमं येतात : साष्टी तूर्त इंग्रजांकडेच, शिवाय लढाईच्या खर्चापोटी १२ लाख रुपये. शाई वाळून काही महिने होतात, तोच लंडनच्या संचालकांचं पत्र मुंबईत पोहोचतं. त्यांना सुरतेचाच तह पसंत आहे!

जानेवारी १७७९, वडगाव मावळ. पुरंदरचा तह मोडून पुण्यावर चालून आलेली कंपनीची फौज महादजी शिंद्यांनी कोंडली आहे. आसपासची गावं आधीच जाळून ओस पाडलेली, दाणागोटा मिळत नाही. अखेर इंग्रज लिहून देतात : १७७३ पासून घेतलेला मुलूख परत. त्यात साष्टीही आली. ओलीस म्हणून दोन इंग्रज मागे राहतात. छावणीत साखर वाटली जाते. तुमच्याही तळहातावर चिमूटभर पडते. मुंबईचं कौन्सिल मात्र कळवतं, सही करणाऱ्यांना तसा अधिकारच नव्हता.

लढताना कंपनी सरकार असते; शब्द पाळायची वेळ आली की मुंबई कलकत्त्याकडे बोट दाखवते आणि कलकत्ता लंडनकडे. नानांनी नेमका कोणाचा हात धरायचा? तीन कागदांपैकी एकही टिकला नाही, ठाण्यावरचं निशाण मात्र तेच राहिलं.

मे १७८०. तुम्ही कल्याणच्या बंदरावर पोहोचता, तर तिथेही कंपनीची पलटण शिरलेली.

१७ मे १७८२ ला ग्वाल्हेरजवळ सालबाईचा तह ठरतो, दोन्ही बाजूंना महादजी जामीन. कल्याण आणि वसई पेशव्यांना परत मिळतात. साष्टी कायमची जाते. पुढची ३५ वर्षं, १८१७ च्या पुणे तहात उत्तर कोकण जाईपर्यंत, ठाण्याहून कल्याण-डोंबिवलीकडे निघालात की खाडीच्या मध्यावर राज्य बदलतं : अलीकडे कंपनी, पलीकडे पेशवे. नाव तीच, नावाडीही तोच.