हौदाचे पाणी आणि पुरातत्त्वाचा कायदा

ऐतिहासिक वास्तूंचे जतन म्हणजे दगड-चुन्याचा प्रश्न, असे पुष्कळांना वाटते. मला तो माणसांचा प्रश्न वाटतो. वास्तू कुणासाठी राखायची आणि कुणापासून राखायची, हे आधी ठरलेले असते. आपण विचारत नाही, एवढेच.

१९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर चळवळीतल्या सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. मुलूख निजामाचा, महिना रमजानचा. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर काठोकाठ भरलेला हौद होता. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या काही जणांनी त्या पाण्याने हातपाय-तोंड धुतले. मंडळी दरवाजाशी पोचली, तोच एक वृद्ध मुसलमान 'हौद बाटवला' म्हणून ओरडत आला. जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली. शेवटी किल्ला पाहायला परवानगी मिळाली ती एका अटीवर : आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही. पाळतीला सशस्त्र शिपाई बरोबर दिला. ही हकीकत बाबासाहेबांनीच 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहून ठेवली आहे. हिंदूला जो अस्पृश्य तो मुसलमानालाही अस्पृश्य, हे त्यांनी त्यातून दाखवले.

मला ह्या प्रसंगातला शिपाई महत्त्वाचा वाटतो. म्हातारा ओरडला तो रूढीच्या बळावर. शिपाई मात्र सरकारचा होता. निजामाच्या राज्यात १९१४ पासून पुरातत्त्व खाते होते. म्हणजे वारसा जपणारे राज्य आणि विटाळ जपणारे राज्य एकच होते.

ब्रिटिश मुलखात तरी निराळे काय होते? १९०४ च्या प्राचीन स्मारक संरक्षण कायद्यात एक कलम आहे. सरकारच्या देखरेखीखालच्या ज्या स्मारकात पूजाअर्चा चालते, ते 'विटाळ' आणि विटंबना यांपासून कलेक्टरने राखावे. त्या समाजाच्या धार्मिक रूढीप्रमाणे ज्याला आत जाण्याचा हक्क नाही, त्याला मज्जाव करावा. रूढीने हाकललेल्या माणसाला अडवणे हे येथे सरकारी कर्तव्य झाले!

१९५० मध्ये संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ मध्ये ती पाळणे दंडनीय ठरवणारा कायदा आला. आणि १९५८ मध्ये स्वतंत्र भारताने स्मारकांचा नवा कायदा केला, तेव्हा ते जुने कलम जवळजवळ त्याच शब्दांत १६ वे कलम म्हणून पुन्हा आले. त्याच कायद्याचे १८ वे कलम जनतेला संरक्षित स्मारकात प्रवेशाचा हक्क देते. एका हाताने दार उघडायचे आणि दुसऱ्या हाताने किल्ली रूढीकडे द्यायची, असा हा व्यवहार आहे. संविधानापुढे जातीच्या नावाने आज कुणाला अडवता येणार नाही, हे खरे. पण मग विटाळाची भाषा कायद्यात कशासाठी हवी होती?

दौलताबादचा किल्ला आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. देवगिरीचे यादव, तुघलक, निजामशाही यांचा इतिहास तेथे सांगितला जावा. पण १९३४ चा तो हौदही किल्ल्याच्या इतिहासात आला पाहिजे. राजांची नावे जपायची आणि पाण्यावाचून अडवलेल्या माणसांची हकीकत वगळायची, ह्याला मी जतन म्हणणार नाही. शिक्षक मित्रांनी सहल नेली, तर दरवाजाशी क्षणभर थांबावे. किल्ल्याचा इतिहास तेथूनच सांगायला सुरुवात करावी.