नावाने हबशी, मुळाने कुठलं?

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे शब्द कुठून कुठे गेला हे बघायची सवय लागली आहे. 'हबश' हा अरबी शब्द. त्यावरून उर्दूत आणि मराठीत 'हबशी' आला, जंजिऱ्याच्या सिद्दींच्या मुलखाला 'हबसाण' म्हणू लागले, आणि युरोपात त्याच शब्दाचं 'अबिसिनिया' झालं. म्हणजे आजचा इथिओपिया. या देशाचं नाव एका मांजरालाही मिळालं आहे : अबिसिनियन. आपल्या भाषेत हबशी मांजर.

हे मांजर सडपातळ पण अंगात ताकद असलेलं. पाय लांब, पावलं लहान, कान मोठे आणि उभे, डोळे बदामी आकाराचे, हिरवे किंवा सोनेरी. केस आखूड. अंगावर पट्टे नाहीत, ठिपके नाहीत. पण एकेका केसावर फिकट आणि गडद रंग आळीपाळीने असतात, म्हणून दुरून अंग तांबूस आणि सशासारखं दिसतं. कपाळावर मात्र पट्ट्यांची खूण राहते.

हे नाव पडलं कसं? १८६८ मध्ये इंग्रजांनी अबिसिनियाच्या सम्राट तेवोद्रोसवर स्वारी केली. सेनापती होते रॉबर्ट नेपियर. त्यांची फौज इंग्लंडहून नव्हे, मुंबईहून निघाली. शिपाई बहुतेक हिंदुस्तानी, सामान वाहायला ४४ हत्तीसुद्धा इथूनच नेले. फौज झुला इथल्या किनाऱ्यावर उतरली. युद्धानंतर एक मांजर इंग्लंडात पोहोचलं, त्याचं नावही झुला. गॉर्डन स्टेबल्स यांच्या १८७४ च्या पुस्तकात त्याचं चित्र छापलं गेलं आणि 'अबिसिनियन' हे नाव कायम झालं.

पण हॉलंडमधल्या लायडनच्या संग्रहालयात याच रंगाचं पेंढा भरलेलं एक मांजर आहे. ते घेतलं १८३४ ते १८३६ च्या सुमारास, म्हणजे स्वारीच्या तीस वर्षं आधी. त्याच्या चिठ्ठीवर मूळ देश लिहिला आहे हिंदुस्तान. अलीकडच्या जनुकांच्या अभ्यासातही या जातीचा माग हबशात नव्हे, हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर आणि आग्नेय आशियाकडे लागतो. यात नवल नाही. जहाजावर धान्य आलं की उंदीर आले, आणि उंदरांसाठी मांजर हवंच. आपलं भोकरदन समुद्रापासून किती लांब! तरी प्राचीन काळी ते व्यापारी मार्गावरचं भोगवर्धन होतं, आणि इथे सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीसारखीच मूर्ती इटलीत पाँपेईला सापडली आहे. इतकी वर्दळ असलेल्या समुद्रात मांजर एकाच बंदराचं कसं राहील?

त्याच समुद्रातून मलिक अंबर आला. जन्म हबशात, १५४८ च्या सुमारास. गुलाम म्हणून हातोहात विकला गेला. 'अंबर' हे नावही त्याच्या धन्याने ठेवलेलं. पुढे त्याने अहमदनगरची निजामशाही सांभाळली, मराठा सरदारांना बरोबर घेऊन मोगलांशी लढला, जमिनीची मोजणी करून साऱ्याची घडी बसवली आणि १६१० मध्ये खडकी वसवली. तीच पुढे औरंगाबाद झाली. १६२६ मध्ये तो वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. तो हबशात जन्मला आणि दख्खनचा झाला. मांजराचं मूळ या बाजूचं दिसतं आणि ते जगभर हबशी म्हणून ओळखलं जातं.

हे मी का लिहितोय? माझं नाव ऐकून अनेक जण विचारतात, "तुम्ही मूळचे कुठले?" भोकरदनचा म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, "ते ठीक, पण मूळचे?" मग कौतुकाने, "मराठी छान बोलता हो!" विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण नाव पाहून मूळ ठरवायचं असेल, तर इतिहासाला विचारून बघावं. तो मांजराच्या बाबतीतसुद्धा इतकं सोपं उत्तर देत नाही. माणसाचं घर ओळखायचं तर तो कुठे राबला, कोणासाठी झिजला आणि कुठल्या मातीत पुरला गेला हे पाहायला हवं. मलिक अंबरच्या बाबतीत या तिन्ही प्रश्नांचं उत्तर दख्खन हेच आहे.