मरोळच्या घरापासून विद्यापीठापर्यंत

विद्यापीठाचें शिक्षण महाग कीं स्वस्त, असा प्रश्न निघाला म्हणजे बहुतेकांची दृष्टि फीच्या आंकड्याकडे जाते. वस्तुतः फी हा त्या खर्चाचा केवळ एक भाग होय. मुलाचें राहणें, जेवणखाण, जाणेंयेणें, पुस्तकें, आणि ज्या वर्षांत तो चार पैसे मिळवूं शकला असता तीं वर्षें, या सर्वांची बेरीज केल्यावांचून खरी किंमत कळत नाहीं. मुंबई विद्यापीठाच्या एकशें साठांहून अधिक वर्षांच्या इतिहासांत ही बेरीज प्रत्येक पिढीनें आपापल्या रीतीनें जुळविली. अंधेरीच्या पूर्वेस वसलेल्या मरोळांतील एखादें मध्यम उत्पन्नाचें कुटुंब आज जो हिशेब मांडतें, तो या इतिहासाचाच पुढचा आंकडा आहे.

१८५७ च्या जुलै महिन्याच्या १८ तारखेस मुंबई विद्यापीठ स्थापन झालें, तेव्हां त्याची घडण लंडन विद्यापीठाच्या धर्तीची होती. तें स्वतः शिकवीत नसे. परीक्षा घेई आणि पदव्या देई. शिकविण्याचें काम कॉलेजांकडे होतें. १८६२ सालीं जे पहिले चौघे बी. ए. झाले, त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. विद्यापीठाचें वैभव पुढें दातृत्वांतून उभें राहिलें. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगींतून ग्रंथालय आणि राजाबाई मनोरा हीं दोन्हीं झालीं, व मनोऱ्याचें काम १८७८ सालीं पुरें झालें. इमारतींस असे उदार दाते मिळाले. विद्यार्थ्याच्या दोन वेळच्या अन्नाची सोय मात्र ज्याची त्यानें पाहावयाची होती.

ती कशी पाहिली जाई, याचें उदाहरण गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या चरित्रांत आहे. १८७९ सालीं वडील वारले, तेव्हां थोरले बंधु गोविंदराव यांनीं स्वतःचें शिक्षण सोडून नोकरी धरिली. पगार दरमहा १५ रुपये. त्यांतले ८ रुपये ते कोल्हापुरास शिकणाऱ्या धाकट्या भावाकडे पाठवीत. म्हणजे निम्म्याहून अधिक मिळकत एका मुलाच्या शिक्षणाकडे जाई आणि उरलेल्या ७ रुपयांत घर चाले. १८८४ सालीं गोखले एल्फिन्स्टन कॉलेजांतून पदवीधर झाले. त्या पदवीची खरी फी गोविंदरावांच्या सोडलेल्या शिक्षणांत भरली गेली होती. विद्यापीठाच्या कोणत्याही वहींत तिची नोंद नाहीं. त्याच वर्षीं त्याच कॉलेजांतून बी. ए. झालेले धोंडो केशव कर्वे यांनीं शिकवण्या करून आपला खर्च भागविला. मोठा भाऊ आणि शिकवणी, हींच त्या काळच्या पांढरपेशा घराचीं दोन शिष्यवृत्तिखातीं होतीं.

परंतु ज्या घरांत मोठा भाऊही निरक्षर, त्या घरानें काय करावें? हा प्रश्न महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें मांडला. सरकारचें बरेंचसें उत्पन्न रयतेच्या घामांतून येतें, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, असें त्यांचें म्हणणें होतें. सार्वजनिक पैशाचा लाभ कोणास होतो, हा विद्यापीठाच्या अर्थकारणांतला मूळ प्रश्न त्यांनीं इतक्या आधीं विचारला. त्याचें उत्तर आजही पुरतें दिलें गेलेलें नाहीं.

यानंतरच्या पिढींत तीन वाटा निघाल्या. पहिली वाट शिक्षकांच्या त्यागाची. १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ सालीं फर्ग्युसन कॉलेज निघालें. तेथील आजीव सभासदांनीं पाऊणशें रुपयांच्या आंतबाहेरील वेतनावर वीस वीस वर्षें शिकविण्याचें व्रत घेतलें. शिक्षण स्वस्त झालें तें शिक्षकानें आपल्या संसाराला चिमटा घेतला म्हणून. दुसरी वाट राजाश्रयाची. सयाजीराव गायकवाडांनीं दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ति दिली, म्हणून परळच्या चाळींत राहणारे भीमराव आंबेडकर १९१२ सालीं एल्फिन्स्टनचे पदवीधर होऊं शकले, आणि १९१३ सालीं त्यांच्याच साह्यानें कोलंबिया विद्यापीठांत गेले. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनीं १९०१ पासून वसतिगृहें उभारिलीं. फीपेक्षां राहण्याजेवण्याचा खर्च जड असतो, हें त्यांनीं अचूक ओळखलें होतें. तिसरी वाट श्रमाची. १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनीं ‘कमवा आणि शिका’ हें तत्त्व आचरणांत आणलें, आणि १९४७ सालीं साताऱ्यास निघालेल्या छत्रपति शिवाजी कॉलेजांत तें उच्च शिक्षणास लावलें. बाबासाहेबांनींही स्वतःस मिळालेला आश्रय संस्थेच्या रूपानें परत केला. १९४६ सालीं मुंबईंत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालें. एका राजाची कृपा एका विद्यार्थ्यास तारते, संस्था हजारोंस तारते, हा त्यांतला विवेक होता.

मरोळ त्या वेळीं साष्टींतलें एक गांव होतें. भातखाचरें, गांवठाण आणि जुन्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांची वस्ती, असें त्याचें रूप होतें. १९५० सालीं बृहन्मुंबईंत त्याचा समावेश झाला. पुढें औद्योगिक वसाहत आली, आणि १९७३ सालीं जवळच निर्यातीसाठीं सीप्झ हें क्षेत्र उभें राहिलें. शेतकऱ्याच्या जागीं कामगार, कारकून आणि तंत्रज्ञ आले. त्यांच्या मुलांच्या दृष्टीनें महत्त्वाची घटना निराळीच होती. कॉलेजें उत्तरेकडे सरकूं लागलीं होतीं. १९३७ सालीं माटुंग्यास रुईया कॉलेज निघालें, १९४६ सालीं अंधेरीस भवन्स कॉलेज, आणि १९५९ सालीं विलेपारल्यास पार्ले कॉलेज. पुढें विद्यापीठाचाच मोठा संसार कलिन्यास गेला. मरोळास स्वतःचें रेल्वे स्टेशन नाहीं. तरी बसनें अंधेरी गांठावी आणि विद्यार्थ्याच्या सवलतीच्या पासावर आगगाडीनें पुढें जावें, एवढ्यांत काम भागूं लागलें. मुलगा रात्रीं घरीं जेवूं लागला, म्हणजे गोविंदरावांचे ८ रुपये वांचले. उपनगरांतील मध्यमवर्गास विद्यापीठ परवडूं लागलें, त्यांत अनुदानाइतकाच या जवळपणाचा वांटा आहे.

अनुदानाचें युग याच सुमारास आलें. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असतांना, ज्या पालकांचें वार्षिक उत्पन्न १२०० रुपयांच्या आंत आहे त्यांच्या मुलांस फीची माफी देण्याचें धोरण सुरू झालें. महिना शंभर रुपयांची ही रेषा. जात न पाहतां मिळकत पाहून शिक्षणाचें दार उघडणारी ती मोठी सुधारणा होती. परंतु रेषा म्हटली कीं तिच्या पलीकडे कोणी तरी उभा राहणारच. ९९ रुपये मिळविणारा आंत आला आणि १०१ रुपये मिळविणारा बाहेर राहिला. पगाराचे आंकडे महागाईबरोबर वाढत जातात. रेषा मात्र कोणी सरकविली तरच सरकते.

१९८३ सालीं महाराष्ट्रांत विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी कॉलेजांस परवानगी मिळाली. जागा वाढल्या, हा लाभ खराच. पण त्या जागांचा सगळा भार पालकांवर आला. पुढील दशकाच्या अखेरीस अनुदानित कॉलेजांच्याच इमारतींत स्वयंअर्थसाह्यित अभ्यासक्रम निघूं लागले. विद्यापीठाचें दार पूर्वीसारखेंच सार्वजनिक राहिलें. आंतील नव्या खोल्यांचें भाडें मात्र पूर्ण आकारलें जाऊं लागलें. कला, वाणिज्य, विज्ञान या जुन्या अनुदानित शाखा अजून तुलनेनें स्वस्त आहेत, आणि ज्या शिक्षणापासून लवकर नोकरी मिळेल असें पालकांस वाटतें तें महाग आहे. मध्यम घराची ओढाताण येथें आहे.

२०१७ सालीं फीसवलतीची उत्पन्नमर्यादा ८ लाख रुपये झाली, आणि २०२४-२५ पासून या मर्यादेंतील कुटुंबांच्या मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली. मुलांस मात्र त्याच सर्वसाधारण योजनेंत निम्मी सवलत आहे. आतां मरोळांतल्या एका घराचा हिशेब मांडून पाहावा. नवराबायको दोघेंही नोकरी करतात. दोघांची मिळून प्राप्ति दरमहा ६५ हजार, म्हणजे वर्षास ७ लाख ८० हजार आहे. मुलीची फी माफ, मुलाची निम्मी. पुढच्या वर्षीं दोघांच्या पगारांत मिळून महिन्यास दोन हजारांची वाढ झाली, तर वर्षाचा आंकडा ८ लाख ४ हजार होतो आणि दोन्हीं सवलती जातात. २४ हजारांची बढती त्या घरास फीच्या रूपानें कित्येक पटींनीं महाग पडूं शकते. २०२४ च्या नोव्हेंबरांत केंद्र सरकारनें मंजूर केलेल्या विद्यालक्ष्मी योजनेंतील व्याजसवलतही याच ८ लाखांच्या रेषेशीं थांबते. रेषेच्या किंचित् वर असलेलें कुटुंब श्रीमंत नसतें. पण कागदावर तें श्रीमंतांच्या रांगेंत बसतें.

हा अनुभव केवळ आपल्याकडील नव्हे. ज्या इंग्लंडाच्या नमुन्यावर मुंबई विद्यापीठ उभें राहिलें, तेथें महायुद्धोत्तर काळांत विद्यार्थ्यांची फी सार्वजनिक तिजोरींतून भरली जाई. १९९८ सालीं तेथें वर्षास १००० पौंड फी लागू झाली, आणि २०१२ सालीं तिची कमाल मर्यादा ९००० पौंडांवर गेली. समाजानें एकदां उचललेला भार समाज पुन्हां घरावर ठेवूं शकतो, हें यावरून दिसतें.

तेव्हां इतिहासाचा निष्कर्ष सरळ आहे. विद्यापीठाचें शिक्षण कधींच फुकट नव्हतें. त्याची किंमत कधीं थोरल्या भावानें, कधीं अल्पवेतनी शिक्षकानें, कधीं राजानें, तर कधीं करदात्यानें दिली. ज्या काळीं हा भार अनेकांत वांटला गेला, त्या काळीं नवे वर्ग शिकले. ज्या काळीं तो एकट्या घरावर पडला, त्या काळीं घरांतील कोणाचें तरी शिक्षण थांबलें. सवलत एका रेषेवर एकदम तुटण्याऐवजीं उत्पन्नाच्या चढाबरोबर पायरीपायरीनें उतरेल, आणि ती रेषा महागाईबरोबर आपोआप सरकेल, अशी तजवीज करणें अवघड नाहीं. ती होईपर्यंत मरोळच्या घरांत दोन मुलांपैकीं कोणास कोणत्या शाखेस घालावें, याचा निर्णय त्यांच्या बुद्धीपेक्षां पगाराच्या चिठ्ठीवर ठरत राहील. आणि गोविंदरावांसारखा कोणी तरी आपलें पुस्तक मुकाट्यानें मिटून ठेवील.