तुटणारं प्लास्टिक आणि आमची कपिली

दिवाळीला चाकूरला जाऊन आलो. गोठा मोकळाच आहे. तो बघितला की कपिलीची आठवण निघतेच. नातेवाईक मंडळींना ठाऊक आहे, पण इतरांसाठी सांगतो. कपिली आमची गाय. २००९ साली पोट फुगून गेली. डॉक्टरांनी पोट उघडलं तर आत पिशव्यांचा गोळा! एका पिशवीवर पुण्यातल्या मिठाईच्या दुकानाचं नाव अजून वाचता येत होतं. ती मीच आणली होती. आई काही बोलली नाही. अण्णा एवढंच म्हणाले, "गाय गेली, पिशवी तशीच हाय बघ."

आता माझं पोट प्लास्टिकवरच चालतं. पुण्यात मोल्डिंगच्या कारखान्यात नोकरी. त्यामुळे हे वाक्य जरा जास्तच लागलं. मातीत जिरणारं प्लास्टिक कुणाला सुचलंच नाही का, म्हणून वाचत गेलो.

गंमत अशी, की ते आपल्या पिशवीच्या आधीचं आहे. १९२६ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मॉरिस लम्वान्य यांना बॅसिलस मेगाटेरियम या जिवाणूच्या पोटात एक पदार्थ सापडला. तो निघाला पॉलिएस्टर, म्हणजे आपल्या शर्टाच्या कापडाचा लांबचा चुलतभाऊ. नाव पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट, थोडक्यात पीएचबी. खायला भरपूर, पण नायट्रोजनसारखं काही कमी पडलं, की वाढ थांबवून जिवाणू हे साठवून ठेवतो. आपल्या जुन्या वाड्यांतून ज्वारीचं बळद असायचं ना, अगदी तसं. गरज पडली की तोच ते मोडून खातो. मातीतले दुसरे जंतूही खातात. पिशवीचं पॉलिथिलीन मात्र १९३३ साली इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीत सापडलं.

मग जग पॉलिथिलीनच्या मागे का गेलं? एक कारण किंमत. अमेरिकेत डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनीने १९५० च्या दशकाच्या अखेरीस पीएचबी करून पाहिलं, पण माल कमी निघायचा आणि जिवाणूतून तो काढणंही महाग. दुसरं कारण माझ्या धंद्यातलं. पीएचबी तुटतं!

प्लास्टिकची पट्टी यंत्रात धरून तुटेपर्यंत ओढायची, ही आमची रोजची परीक्षा. जोर सोसण्यात पीएचबी कमी नाही. सुमारे ४० मेगापास्कल, म्हणजे बादल्यांच्या पॉलिप्रॉपिलीनच्या तोडीस तोड. पण १० सेंटीमीटरची पट्टी जेमतेम अर्धा सेंटीमीटर ताणली की खटकन तुटते. पॉलिप्रॉपिलीनची पट्टी ४०-५० सेंटीमीटरपर्यंत लांबत जाते. शिवाय पीएचबी वितळतं साधारण १७५ अंशांना आणि २०० च्या आसपास बिघडायलाही लागतं. मशीनवरच्या माणसाला हातचं राखायला जागाच नाही.

आणखी एक खोड आहे. ताजं असताना ते बरं असतं, पण ठेवलं की दिवसेंदिवस कडक होत जातं. पाक पक्का झालेले रव्याचे लाडू आठवा. पहिल्या दिवशी ठीक, नंतर दगड! पीएचबीचंही तसंच. आत स्फटिक हळूहळू वाढत राहतात आणि लवचीकपणा जातो.

उपाय सापडला तो जिवाणूच्या खाण्यातच. १९७३ च्या तेलटंचाईनंतर आयसीआयने, हो, त्याच आयसीआयने, हा विषय पुन्हा हाती घेतला. साखरेबरोबर प्रोपिऑनिक आम्ल खायला घातलं, की जिवाणू साखळीत मधूनमधून व्हॅलरेट नावाची वेगळी कडी गुंफतो. मग स्फटिकांची घडी नीट बसत नाही आणि माल नरम होतो. शंभरात वीस कड्या अशा असल्या, तर पट्टी सुमारे निम्म्याने लांबते आणि १४५ अंशांच्या आसपासच वितळते. या 'बायोपोल'च्या शाम्पूच्या बाटल्या १९९० साली जर्मनीत विकायला आल्या. पण किंमत काही उतरली नाही. धंदा झेनेका, मग मोन्सॅन्टो, २००१ मध्ये मेटाबोलिक्स असा हात बदलत गेला.

आपल्या लातूरकडच्या लोकांनी कान टवकारावेत अशी गोष्ट म्हणजे ब्राझीलमध्ये सेराना इथे साखर कारखान्यालाच जोडून उसाच्या साखरेपासून पीएचबी बनवून पाहिलं गेलं. आपल्याकडे प्राजने २०२४ साली जेजुरीला जैवप्लास्टिकचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. तिथलं पॉलिलॅक्टिक आम्ल जरा वेगळं. त्यात जंतू फक्त आम्ल बनवतात, साखळी माणूस जोडतो. पण ऊस वाढवा असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला आलेलं पाणी आम्ही विसरलेलो नाही. मळी किंवा टाकाऊ मालातून जमलं तर बघावं.

आणि खरं सांगायचं, तर पीएचबीची पिशवी असती तरी कपिली वाचलीच असती असं नाही. मातीत जिरायलाही तिला आठवडे, महिने लागतात. उकिरड्यावर टाकणारा हात माझाच होता.

हे सगळं अण्णांना ओट्यावर बसून सांगितलं. पट्टी तुटण्यापाशी आलो तसं त्यांनी मला थांबवलं. "मिठाई घरी येईस्तोवर टिकती का?" म्हटलं, तेवढी टिकेल. "मग तुटू दे की!"

येताना आईने चिवडा जुन्या धोतराच्या पिशवीत बांधून दिला. पिशवी परत आणायची, असं बजावलंय. असो.