कै. विनायक लक्ष्मण भावे आणि आद्य कवयित्री महदंबा

मराठींतील आद्य कवयित्रीचा विचार निघाला म्हणजे महदंबेचें नांव आज निःशंकपणें घेतलें जातें. परंतु १८९८ सालीं ‘महाराष्ट्र सारस्वत’ प्रथम प्रसिद्ध झालें, तेव्हां तिचे ‘धवळे’ महानुभावांच्या मठांतील पोथ्यांत बंदिस्त होते. या ग्रंथाचे कर्ते भावे यांचा जन्म १८७१ सालीं पनवेलनजीक पळस्पे येथें झाला. त्या बाजूस आतां नवी मुंबई पसरली आहे. शिक्षण सृष्टिशास्त्रांचें, व्यवसाय मिठागरांचा. आणि ध्यास मात्र जुन्या पोथ्यांचा! ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालीं स्थापन झालें, त्याच्या संस्थापकांतही ते होते.

महानुभावांनीं आपले ग्रंथ सकळा, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिप्यांत लिहून ठेविले होते. एका अक्षराच्या जागीं दुसरें अक्षर किंवा ठरीव चिन्ह, अशी ही योजना. किल्ली ठाऊक नसल्यास उत्तम शास्त्र्यासही त्यांत अर्थ लागूं नये. ती किल्ली विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाडे व भावे यांच्या परिश्रमांनीं अभ्यासकांच्या हातीं आली. हें श्रेय दोघांपैकीं एकासच देण्याचा आग्रह आम्हांस अप्रस्तुत वाटतो. भाव्यांची महानुभाव कवि-काव्यसूची १९२४ सालीं निघाली.

येथें एक विसंगति लक्षांत घेण्याजोगी आहे. केशिराजबास संस्कृतांत रचना करूं लागले, तेव्हां नागदेवाचार्यांनीं त्यांस निवारिलें. कारण, त्यायोगें पंथांतील वृद्ध स्त्रिया ज्ञानास मुकल्या असत्या. संस्कृताध्ययनांत जन्म घालविलेल्या प्रस्तुत लेखकासही हा निषेध सर्वथा योग्य वाटतो. परंतु ज्या स्त्रियांसाठीं मराठी राखली, त्यांच्यांतीलच एकीची वाणी पुढें संकेतलिपीनें शतकानुशतकें लोकांपासून दूर ठेविली! मुक्ताबाई, जनाबाई लोकांच्या कंठीं राहिल्या. महदंबेस तें भाग्य लाभलें नाहीं. वास्तविक धवळे हीं विवाहप्रसंगीं गावयाचीं गीतें. ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंपुढें तिनें तीं गाइलीं, तीं तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत. विषय कृष्णरुक्मिणींचा विवाह. चक्रधरांस प्रश्न विचारून भंडावणारी ही बाई केवळ भाविक श्रोती नव्हती, हें लीळाचरित्रावरून स्पष्टच आहे.

भावे १९२६ सालीं निवर्तले. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांचें ‘आद्य मराठी कवयित्री’ हें पुस्तक त्यानंतर नऊ वर्षांनीं, १९३५ सालीं, प्रसिद्ध झालें.