गोधडीचें गोत्र

श्रोतेहो, बोईसरला लागूनच सरावली नांवाचें गांव आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीमुळें त्याचें रूप आतां पुष्कळ पालटलें असलें, तरी एखाद्या घराच्या ओटीवर हिंवाळ्याच्या दिवसांत उन्हांत घातलेली गोधडी अजून दिसते. गेल्या हिंवाळ्यांत मी तेथें एका स्नेह्यांकडे पाहुणा म्हणून गेलों होतों. त्यांची कन्या ओटीवर शिवणकाम करीत बसली होती. करड्या, राखी, मातकट आणि फिक्या निळ्या रंगांचें नवें कापड तिनें आणलें होतें, आणि कात्रीनें त्याचे सारखे चौकोन कापून ते ती पुन्हां एकमेकांस जोडीत होती. जवळच तिची आजी बसली होती. बराच वेळ पाहून आजी म्हणाली, “अगं, नवं कापड असं फाडतेस कशाला? गोधडी जुन्याची करायची असते.” नात म्हणाली, “आजी, ही गोधडी नव्हे. हें जपानी काम आहे.” आजी गप्प राहिली, पण तिचा प्रश्न मात्र माझ्याबरोबर मुंबईस आला. आजचें हें भाषण म्हणजे त्या प्रश्नाचें उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम आपल्या घरची वस्तु पाहूं. तिला आपण गोधडी म्हणतों, वाकळ म्हणतों. संस्कृतांत तिचें नांव कंथा, आणि बंगाल्यांत तें नांव काँथा या रूपानें अजून जिवंत आहे. वर जुनें लुगडें, खालीं जुनें धोतर, मध्यें विटलेल्या कपड्यांचे थर, आणि या सर्वांस एकत्र बांधणारा धावदोरा, एवढीच तिची सामग्री. परंतु या साध्या रचनेंत मोठें शहाणपण आहे. जीर्ण झालेलें कापड एकटें ताण सोसूं शकत नाहीं. जवळजवळ घातलेल्या टांक्यांच्या ओळी तो ताण सर्व थरांवर वांटून देतात. थरांमध्यें अडकून राहिलेली हवा ऊब धरून ठेवते. आणि रंग? ते कोणी निवडीत नाहीं. पांढऱ्यास पिवळेपणा येतो, हिरव्याचा राखी होतो, तांबड्याचा विटकरी होतो. नातीनें दुकानांतून जे सौम्य रंग मोठ्या हौसेनें निवडून आणले, तेच आजीच्या गोधडीस ऊन, पाणी आणि वर्षें यांनीं फुकट दिलेले असतात.

आतां जोडलेल्या वस्त्राच्या जुन्या इतिहासाकडे वळूं. पालि विनयपिटकाच्या महावग्गांत एक कथा आहे. मगध देशांतील बांधांनीं विभागलेलीं भातशेतें बुद्धांनीं आनंदास दाखविलीं, आणि भिक्षूंसाठीं तशा आकृतीचें चीवर करतां येईल काय, असें विचारलें. आनंदानें तुकडे जोडून तसें चीवर तयार केलें. चिंध्यांच्या ढिगांतून वेंचलेल्या कापडाच्या चीवरास पांसुकूल असें नांव होतें. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीनें याहून महत्त्वाची गोष्ट पुढें आहे. दानांत मिळालेलें कापड चांगलें, नवें असलें तरी तें आधीं कापून, मग जोडून वापरावें, असा दंडक पडला. कारण कापलेल्या वस्त्रास बाजारांत किंमत राहत नाहीं, आणि चोरासही त्याचा लोभ सुटत नाहीं. भडक निळा, पिवळा, तांबडा असे एकरंगी पोशाखही निषिद्ध ठरले. संमत झाला तो मळकट काषाय रंग. म्हणजे नवें कापड फाडणें आणि रंग मुद्दाम मंद ठेवणें या दोन्ही गोष्टी अतिशय जुन्या आहेत, आणि त्यांच्या मुळाशीं हौस नसून वैराग्य आहे.

हा धर्म सरावलीपासून फार दूर नव्हता. याच पालघर जिल्ह्यांत, दक्षिणेस, सोपारें आहे. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तेथील स्तूप उकलला, तेव्हां आंतील पेटींत बुद्धांच्या भिक्षापात्राचे म्हणून जपून ठेवलेले तुकडे सांपडले. त्याच सोपाऱ्यांत अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा अंशही मिळाला. विनयाप्रमाणें चालणारे भिक्षु या बंदरांत वावरले, ते ठिगळांचें वस्त्र पांघरूनच.

तो धर्म चीन व कोरिया या वाटेनें जपानास गेला, आणि काषाय हा शब्द तेथें केसा झाला. जपानच्या नारा शहरांत शोसोइन नांवाचें प्राचीन भांडार आहे. सम्राट शोमू यांच्या निधनानंतर, ७५६ सालीं, सम्राज्ञी कोम्यो यांनीं त्यांच्या वस्तु तोदाइजी मंदिरास अर्पण केल्या. त्यांत केसा वस्त्रें होतीं. त्यांपैकीं एकांत रंगीबेरंगी रेशमाचे तुकडे एकमेकांवर ठेवून बारीक धावदोऱ्यानें असे शिवले आहेत कीं दुरून झाडाची सालच वाटावी. चिंधीचें व्रत राजाच्या घरीं पोंचलें तेव्हां चिंधीही रेशमाची झाली, ही इतिहासाची एक थट्टा म्हटली पाहिजे.

परंतु ज्या जपानी कामाचीं चित्रें पाहून आज आपल्या मुली सुई हातीं घेतात, तें राजवाड्यांतून आलेलें नाहीं. तें जपानच्या मुख्य बेटाच्या उत्तर टोंकावरील आओमोरीच्या शेतकऱ्यांच्या झोपड्यांतून आलेलें आहे. तेथील थंडींत कापूस पिकत नाहीं. शेतकऱ्यांचें वस्त्र तागासारख्या धाग्याचें, विरळ विणीचें. आणि त्सुगारू संस्थानांत तर शेतकऱ्यानें सुती कपडा वापरूं नये असा निर्बंधच होता. ओसाकाकडून समुद्रमार्गें जहाजें येत, त्यांत दक्षिणेकडील लोकांनीं टाकलेल्या जुन्या सुती चिंध्याही असत. त्या विकत घेऊन बायका निळीनें रंगविलेल्या जाड्याभरड्या कापडास जोडीत. विणींतील छिद्रें बुजावीं आणि वारा अडावा म्हणून दाट टांके घालीत. या टांक्यास साशिको म्हणतात, आणि ठिगळांवर ठिगळें चढून झालेल्या वस्त्रास बोरो, म्हणजे सरळ अर्थानें लक्तरें. १८९१ सालीं टोकिओहून आओमोरीपर्यंत रेल्वे पोंचली, स्वस्त सुती कापड येऊं लागलें, आणि हें काम मागें पडलें.

सौम्य रंगांची आवड जपानांत केवळ खेड्यांतच होती असें नाहीं. एदो काळांत, म्हणजे १६०३ ते १८६८ या कालखंडांत, सामान्य नगरवासीयांच्या भपक्यावर सरकारी बंधनें होतीं. तेव्हां रंगाऱ्यांनीं तपकिरी आणि करड्या रंगांच्या इतक्या छटा काढल्या कीं ‘अठ्ठेचाळीस तपकिरी आणि शंभर करडे’ अशी म्हणच पडली. अभिरुचीचा जन्म पुष्कळदां मनाईच्या पोटीं होतो, तो असा.

या देवघेवींत आपल्या कोंकणाचाही वांटा आहे. पोर्तुगीजांच्या ज्या उत्तर प्रांतांत वसई आणि तारापूर होतें, त्यांतच चौल होतें. चौलचें पातळ रेशमी कापड पोर्तुगीज व्यापाऱ्यांनीं जपानांत नेलें. तें तेथें इतकें मानलें गेलें कीं पुढें क्योतोच्या विणकरांनीं तसेंच विणलें, आणि त्याचें नांव ‘चाउ’ राहिलें. तारापूरचा किल्ला चिमाजी अप्पांच्या मोहिमेंत जानेवारी १७३९ मध्यें मराठ्यांनीं घेतला, त्यांत बाजी भिवराव रेठरेकर पडले, आणि पोर्तुगीजांचा तो प्रांत लयास गेला. चौलचें वैभवही ओसरलें. दूरच्या देशाच्या कापडबाजारांत नांव तेवढें उरलें. पुढें १८९३ सालीं जमशेटजी टाटांच्या प्रयत्नानें मुंबई ते कोबे अशी जपानी आगबोटींची वाहतूक सुरू झाली, आणि आपला कापूस जपानच्या गिरण्यांत जाऊं लागला. तेथून तो कापड होऊन परत येई. १९३३ सालीं हिंदुस्थान सरकारनें ब्रिटिशेतर परदेशी सुती कापडावर शेंकडा ७५ जकात बसविली, तेव्हां जपानी गिरणीवाल्यांनीं आपला कापूस घेणेंच थांबविलें; अखेर १९३४ मध्यें करार झाला.

सरावलीची गोधडी जपानास गेली, किंवा जपानची इकडे आली, असें माझें म्हणणें नाहीं. थंडी आणि गरिबी हे दोन गुरु सर्व देशांत सारखाच धडा देतात. गोत्र एक, कुळें निराळीं, एवढेंच मी म्हणेन.

फरक आहे तो पुढच्या वागणुकींत. आओमोरी प्रांतांत जन्मलेले तानाका चुझाबुरो (१९३३–२०१३) हे गृहस्थ खेडोपाडीं हिंडून हीं लक्तरें गोळा करीत राहिले. ज्यांच्या घरांत तीं होतीं, त्यांना तीं दाखविण्याचीही लाज वाटे. गरिबीची खूण म्हणून पुष्कळांनीं तीं नाहींशीं केलीं होतीं. तानाकांच्या संग्रहांतील ७८६ वस्त्रांस जपान सरकारनें महत्त्वाचा लोकसांस्कृतिक ठेवा म्हणून संरक्षण दिलें, आणि २००९ ते २०१९ या काळांत टोकिओंतील एका संग्रहालयांत त्यांचें बोरो लोकांना पाहावयास मिळालें. आपल्याकडे दासोपंतांची पासोडी आंबेजोगाईस जपली गेली, कारण तिजवर संताचीं अक्षरें होतीं. गाडगे महाराजांच्या अंगावरील चिंध्यांस मान मिळाला, कारण त्या महाराजांच्या होत्या. परंतु ज्या गोधडीवर अक्षर नाहीं आणि जिच्यामागें कोणी महात्मा नाहीं, ती फाटली कीं पायपुसणें होते, आणि तिजबरोबर तीन पिढ्यांचीं लुगडीं जातात. जी लाज आओमोरीच्या बायकांना वाटली तीच आपल्यालाही वाटते. मात्र ती लाज ओलांडून दारोदार जाणारा कोणी आपल्याला अजून पुरेसा भेटलेला नाहीं.

मग आजीच्या प्रश्नाचें उत्तर काय? नवें कापड फाडण्यांत पाप नाहीं; भिक्षूंनीं तें केलें, सम्राटासाठीं तें झालें. पण भिक्षूनें फाडलें तें लोभ तुटावा म्हणून, आणि आजी जोडते तें कांहीं वांयां जाऊं नये म्हणून. नात कशासाठीं फाडते, हें तिनें आपल्या मनाशीं ठरवावें. तिच्या हाताची सफाई मीं पाहिली आहे. तिच्या कामांत दोष नाहीं. दोष असेल तर तो आपणां वडीलधाऱ्यांचा. टांका आजीच्या हातांत होता, आणि नातीस तो परदेशी चित्रांवरून शिकावा लागला.

श्रोतेहो, वेळ संपत आली आहे. आपल्या घरीं माळ्यावर किंवा ट्रंकेंत एखादी जुनी गोधडी असेल. उद्यां ती उन्हांत घाला. घरांत कोणी वृद्ध स्त्री असेल तर तिला जवळ बसवा, आणि कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा, कोणता कोणाच्या बाळंत्याचा, तें विचारून एका कागदावर लिहून ठेवा. तो कागद गोधडीच्या घडींत ठेवा. हें विचारण्यास कोणी उरणार नाहीं असा दिवस प्रत्येक घरावर येतो. त्याच्या आधीं एवढें झालें तरी पुष्कळ झालें.